धारच्या शिल्पशाळेतील पांढरी भुकटी

धारला गेलेला मराठी प्रवासी भोजशाळा पाहतो, किल्ला पाहतो आणि वेळ उरलाच तर शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांच्या शिल्पशाळेत डोकावतो; हा क्रम उलटा असता तरी काही बिघडले नसते. 1884 साली वसईस जन्मलेले, स्वप्रयत्नाने शिल्पविद्या हस्तगत केलेले आणि गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांच्या पुतळ्याने मुंबईकरांच्या नित्य परिचयाचे झालेले हे कलावंत उत्तरायुष्यात पवारांच्या या राजधानीत स्थायिक झाले, आणि 1961 साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला तोही धारचे रहिवासी म्हणूनच. त्यांच्या प्लास्टरच्या शिल्पांपुढे उभे राहिले, की कलेचे कौतुक मनात मुरते न मुरते तोच एक अरसिक प्रश्न डोके वर काढतो: पिठासारखी ही भुकटी पाणी पिऊन पुन्हा दगड कशी होते?

या भुकटीचे मूळ जिप्सम. गुजरातेत त्यास चिरोडी म्हणतात, तर वैद्यांच्या दप्तरी त्याची नोंद गोदंती या नावाने आहे. खनिजांच्या काठिण्याचे जे मोसचे कोष्टक प्रसिद्ध आहे, त्यात हिऱ्याला 10 हा मान आहे आणि जिप्समच्या वाट्यास अवघे 2 येतात. म्हणजे नखानेही त्यावर ओरखडा उठतो. वजनातही ते बेताचेच, समान आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे 2.3 पट. परंतु त्याचा खरा गुण असा, की कोरडेठाक दिसणाऱ्या 100 तोळे जिप्समात सुमारे 21 तोळे पाणी स्फटिकाच्या घडणीतच बांधलेले असते. दीडशे अंशांच्या सुमारास तापविले असता त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि जी भुकटी उरते तीच प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीच्या खाणींवरून तिला हे नाव पडले. आच याहून फार वाढली, तर राहिलेले पाणीही जाते आणि मग त्या जळक्या भुकटीत घट्ट होण्याची पूर्वीची तत्परता उरत नाही.

उलट, योग्य रीतीने भाजलेली भुकटी पाण्यात पडली, की आपले गेलेले पाणी परत घेते. काही मिनिटांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत गुंतत जातात, लगदा हाताला कोमट लागतो आणि घट्ट होताना आकुंचन न पावता किंचित फुगतो. हे फुगणे अर्ध्या टक्क्याहूनही कमीच, पण शिल्पकाराचे सारे इमान त्याच्यावर अवलंबून आहे. कारण त्यामुळेच प्लास्टर साच्याच्या कानाकोपऱ्यात भिडते आणि पापणीची कड, मिशीचा केस, पागोट्याची घडी ज्या निष्ठेने उतरते, ती निष्ठा वाळताना आक्रसणाऱ्या ओल्या मातीपासून कदापि मिळावयाची नाही. म्हणूनच मातीत घडविलेल्या आकृतीवर प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, त्यात पुन्हा प्लास्टर ओतावयाचे आणि साचा फोडून मूर्ती मोकळी करावयाची, हा शिल्पकारांचा परिपाठ. मीठ घातले तर काम लवकर आटपते, सरस घातला तर हाताला उसंत मिळते.

घट्ट होण्यास भुकटीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पाणी पुरते. तथापि लगदा ओतता यावा म्हणून त्याच्या तिपटीहून अधिक घालावे लागते. हे जादा पाणी उडून गेले, की मागे असंख्य छिद्रे राहतात. प्लास्टरचे हलकेपण त्यांतूनच येते, आणि दमट हवेत ओल धरण्याची खोडही. शिवाय लिटरभर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. गणपतीची मूर्ती पिंपात बुडविणाऱ्यास हे प्रमाण इतके तुटपुंजे वाटते, की मूर्ती दिवसेंदिवस तळाशी तशीच बसून राहते. वर्षानुवर्षे माळव्याचा पाऊस अंगावर घेणाऱ्या पुतळ्याच्या नाकाची धार बोथट करावयास मात्र ते पुरेसे आहे. चौपाटीवरचे लोकमान्य प्लास्टरचे नसल्याने समुद्राचा खारा वारा आणि आषाढाच्या सरी झेलीत उघड्यावर उभे राहू शकतात. धारच्या शिल्पशाळेतील प्लास्टरच्या आकृतींना डोक्यावर छप्पर हवेच.