कुत्र्यासोबत लांबचा रस्ते प्रवास : अडचणी कुठे येतात आणि का?

नवी दिल्ली : उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागताच दिल्ली, इंदूर, बेंगळुरू अशा शहरांत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने गावाची वाट धरतात. घरातील कुत्र्याला मागे ठेवणे मनाला पटत नाही, म्हणून तोही सोबत निघतो. दिल्ली ते मुंबई हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे. मुक्काम, जेवण आणि विश्रांती यांचे वेळापत्रक माणसांच्या सोयीने आखले जाते. कुत्र्याच्या शरीराची गरज मात्र निराळी असते. वाटेत उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकातच आढळते.

बंद गाडीतील अर्धा तास

सर्वांत गंभीर धोका उष्णतेचा आहे. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या घामग्रंथी प्रामुख्याने पंजांपुरत्या मर्यादित असतात. शरीर थंड ठेवण्यासाठी त्याला धापा टाकण्यावर अवलंबून राहावे लागते. धापेमुळे तोंडातील व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन होते आणि उष्णता बाहेर पडते. हवा दमट असेल तर हे बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे राजस्थानातील कोरडे ऊन सोसलेला कुत्रा किनारपट्टीवर तुलनेने कमी तापमानातही कासावीस होऊ शकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा आखूड नाकाच्या जातींना हा त्रास अधिक लवकर होतो.

कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेल्यास मेंदू, मूत्रपिंडे व आतड्यांना इजा होऊ लागते. अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या ३० मिनिटांतच झाली होती. काचा किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३० अंश तापमान असताना अर्ध्या तासाच्या जेवणानंतर परतणाऱ्या कुटुंबाची गाडी आतून सुमारे ४७ अंशांपर्यंत तापलेली असू शकते. सावलीत लावलेली गाडीही सूर्य सरकताच उन्हात येते.

अखंड व मोठ्याने धापा टाकणे, घट्ट लाळ गळणे, हिरड्या गडद लाल होणे, तोल जाणे आणि उलटी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी प्रथम जागेवरच अंग थंड करावे व त्यानंतर दवाखाना गाठावा. सर्वांगावर थंड पाणी ओतत राहावे आणि पंख्याचा किंवा गाडीच्या वातानुकूलन यंत्रणेचा वारा द्यावा. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवल्यास उष्णता आत कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नये. कुत्रा सावरल्यासारखा दिसला तरी आतील अवयवांना झालेली इजा नंतर उघड होऊ शकते. त्यामुळे तपासणी टाळणे धोक्याचे ठरते.

उलटीपूर्वीच्या खुणा

गाडी लागणे ही विशेषतः पिल्लांमध्ये नेहमीची तक्रार आहे. त्यांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण विकसित झालेली नसते. सतत ओठ चाटणे, जांभया आणि लाळ या खुणा उलटीच्या आधी दिसतात. निघण्यापूर्वी काही तास पोटभर खाणे टाळावे, पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. उलटी रोखणारी औषधे पशुवैद्यकाकडून घेता येतात. माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्यांसाठी घातक ठरू शकतात. झोपेचे औषधही स्वतःच्या मनाने देऊ नये. काही शामकांमुळे तापमान नियंत्रित ठेवण्याची शरीराची क्षमता कमी होते.

थांब्यावरचे धोके

महामार्गावरील ढाब्यांच्या परिसरात भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांचे स्वतःचे क्षेत्र असते. गाडीतून उतरलेला अनोळखी कुत्रा त्यांना घुसखोर वाटतो. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन, लसीकरण झालेले असले तरी, पशुवैद्यकाकडून रेबीजची पुढील मात्रा लवकरात लवकर घेणे आवश्यक असते. भांडण सोडवताना माणसाला दात वा नख लागल्यास त्यानेही जखम १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गवतातून चिकटणाऱ्या गोचिडांचा परिणाम साधारण एक ते तीन आठवड्यांनी तापाच्या रूपाने दिसू शकतो. तोवर प्रवास संपलेला असतो आणि त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

कुत्रा हरवण्याचा प्रसंगही बहुधा थांब्यावरच ओढवतो. ट्रकच्या भोंग्याने बिथरलेला कुत्रा उघड्या दारातून उडी मारतो आणि अनोळखी प्रदेशात त्याला परतीची वाट सापडत नाही. मायक्रोचिप वाचण्यासाठी विशेष यंत्र लागते, तर गळ्यातील बिल्ल्यावरचा दूरध्वनी क्रमांक ढाब्यावरचा कोणीही वाचू शकतो. दार उघडण्यापूर्वी दोरी हातात घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. धावत्या गाडीत गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा आसनाला जोडावा. ताशी ६० किलोमीटर वेगातील गाडी अचानक थांबली, तर मोकळा बसलेला २० किलोचा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो.

कागदपत्रे आणि मुक्काम

प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये केलेल्या प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये कुत्रा प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र अपेक्षित आहे. त्याच नियमांत उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी, तर प्रौढ कुत्र्याला १२ तासांतून एकदा अन्न देण्याची तरतूद आहे. खासगी मोटारीतील थांबे ठरवतानाही याकडे किमान मर्यादा म्हणून पाहता येते.

मुक्कामाच्या ठिकाणी ऐनवेळी प्रवेश नाकारला जाणे ही आणखी एक अडचण. ‘पाळीव प्राण्यांना प्रवेश’ या शब्दांमागे आकार, जात किंवा खोलीबाबतच्या अटी असू शकतात. त्या आधीच लेखी विचारून घ्याव्यात. रस्त्यांचे वेळापत्रकही पाहावे लागते. बेंगळुरूहून म्हैसूरमार्गे वायनाडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७६६ बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि तेथे रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत खासगी वाहनांना बंदी असते. उशीर झाल्यास अलीकडेच मुक्काम करावा लागतो, आणि तेथे कुत्र्याला जागा मिळेलच असे नाही. जंगलातील रस्त्यावर कुत्र्याला गाडीबाहेर काढणेही टाळावे. कॅनाइन डिस्टेंपरसारखे आजार वन्यप्राण्यांनाही होतात. २०१८ मध्ये गीरमधील सिंहांच्या मृत्यूंमागे हा विषाणू आढळला होता.

यातील बहुतेक प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत. पहाटे निघून दुपारच्या उन्हात छताखाली थांबणे, जेवणाच्या वेळी कुटुंबातील एकाने आळीपाळीने कुत्र्याजवळ राहणे आणि वाटेवरील शहरांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे क्रमांक आधीच टिपून ठेवणे, एवढी तयारी पुरेशी ठरू शकते. प्रवास अर्ध्या दिवसाने वाढेल. मात्र वाढत्या वयामुळे, आजारपणामुळे किंवा गाडीच्या भीतीमुळे कुत्र्याला एवढेही सोसणार नसेल, तर त्याला परिचितांकडे ठेवून निघणे हाच योग्य निर्णय ठरतो.