बीजांडकोशातील गाठ : उपचार केव्हा?

सोनोग्राफीच्या अहवालात 'उजव्या ओव्हरीत ४ सें.मी.ची सिस्ट' असे शब्द दिसले, की घरात लगेच कर्करोगाची चर्चा सुरू होते. वास्तविक पाळी चालू असलेल्या वयात अशा बहुतेक गाठी म्हणजे पाण्याने भरलेल्या पातळ पिशव्या असतात. दर महिन्याला बीजांडकोशात स्त्रीबीजाभोवतीची पिशवी साधारण २ सें.मी.पर्यंत वाढते आणि फुटते. ती फुटली नाही तर वाढत राहते. फुटल्यानंतर तेथे रक्त साचले तरीही गाठ दिसते. दोन-तीन पाळ्यांत ती बहुधा आपोआप विरते. ती विरावी म्हणून संततिनियमनाच्या गोळ्या देण्याची पद्धत जुनी असली, तरी त्यामुळे गाठ लवकर जाते असे अभ्यासांत आढळलेले नाही. ('पीसीओएस' हा विकार मात्र वेगळा, त्यातील बारीक पिशव्या शस्त्रक्रियेने काढावयाच्या नसतात.)

पाळी चालू असताना ५ सें.मी.पर्यंतच्या साध्या गाठीला सहसा उपचार लागत नाहीत. ५ ते ७ सें.मी. असल्यास वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करतात. त्याहून मोठी असल्यास एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. परंतु आकारापेक्षा गाठीच्या आत काय आहे, हे अधिक महत्त्वाचे. घट्ट मांसल भाग, जाड पडदे किंवा पोटात पाणी दिसल्यास वाट पाहू नये. केस, चरबी, क्वचित दातही असलेली डर्मॉइड गाठ आपोआप विरत नाही. एन्डोमेट्रिऑसिसमुळे होणारी 'चॉकलेट सिस्ट' काढताना निरोगी स्त्रीबीजेही कमी होतात. मूल हवे असल्यास घाई नको.

पाळी थांबल्यानंतर आढळलेल्या गाठीकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. तेव्हा सीए-१२५ ही रक्ततपासणी उपयोगी पडते. ३५ ही तिची नेहमीची मर्यादा. पण एन्डोमेट्रिऑसिस किंवा पोटाच्या क्षयरोगातही हा आकडा वाढतो. त्यामुळे तरुण स्त्रीने केवळ त्या आकड्याने हबकून जाऊ नये.

ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्यास मात्र गाठीसह बीजांडकोशाला पीळ पडल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेळीच पीळ सोडविल्यास काळानिळा दिसणारा बीजांडकोशही अनेकदा वाचतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तर केवळ गाठ काढणार की संपूर्ण बीजांडकोश, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.