किशोरकादंबरी : ‘मी कोण?’ या प्रश्नाची सोबत

मूल चौदा वर्षांचे झाले की घरातील त्याचे बोलणे कमी होते. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. पण त्या अबोल्यात पुष्कळदा ‘मी कोण?’ हा प्रश्न दडलेला असतो. किशोरकादंबरी याच प्रश्नाभोवती उभी राहते.

एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा लेखिका अवघ्या १८ वर्षांची होती. कथानायक पोनीबॉय हा आईवडिलांविना दोन थोरल्या भावांच्या आधाराने वाढणारा गरीब मुलगा. गरीब आणि श्रीमंत मुलांच्या वैरात तो ओढला जातो. सर्वांत थोरला भाऊ डॅरी याची कडक शिस्त म्हणजे तिरस्कारच, असे त्याला वाटते. मात्र डॅरीच्या डोळ्यांतील अश्रू पाहिल्यावर त्या शिस्तीमागील माया त्याला उमगते. अखेरीस शाळेच्या निबंधासाठी तो स्वतःचीच कहाणी लिहू लागतो.

या पुस्तकात हिंसा आहे, मृत्यूही आहे. म्हणून ते मुलांच्या हातून काढून घेण्यापेक्षा आपणही वाचावे व त्यावर त्यांच्याशी बोलावे. आपली माया मुलांना कळण्यास डॅरीइतका उशीर होऊ नये.