इस्राएल व राष्ट्रे
(ख्रिस्ती धर्मविचार). ईश्वराने एकाच लोकसमूहाची निवड का केली व त्या निवडीत उर्वरित मानवजातीचे स्थान कोणते, यासंबंधीची ख्रिस्ती उपपत्ती. जुन्या करारानुसार परमेश्वराने अब्राहामाशी करार केला व त्याच्या द्वारे सर्व कुळांचे कल्याण होईल, असे अभिवचन दिले. इस्राएलची निवड ही इतरांना वगळण्यासाठी नसून त्यांच्या हितार्थ आहे, हा आशय यशयाच्या ग्रंथात अधिक स्पष्ट होतो.

येशूचे पहिले अनुयायी ज्यू होते. श्रद्धा स्वीकारणाऱ्या ज्यूतरांनी सुंता व मोशेचे नियमशास्त्रही स्वीकारावे काय, हा वाद इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथील सभेपुढे आला. काही थोडी पथ्ये सांगून हा भार त्यांच्यावर लादू नये, असे ठरले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ९ ते ११) जैतून वृक्षाचे रूपक योजिले आहे. ज्यूतर ही त्यावर कलम केलेली रानटी डहाळी होय. तिने मुळापुढे गर्व करू नये आणि इस्राएललाही ईश्वराने टाकून दिलेले नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

पुढे मात्र इस्राएलची जागा चर्चने घेतली, हे मत रूढ झाले व यूरोपातील ज्यूद्वेषास त्याने बळ दिले. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी (१८००–८२) याने इस्राएल व चर्च यांच्यासाठी ईश्वराच्या योजना भिन्न असल्याचे मत मांडले. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारानंतर जुन्या मताचा पुनर्विचार झाला. ज्यू लोक ईश्वराने धिक्कारलेले आहेत असे मानू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केले.

महाराष्ट्रात इस्राएल हे केवळ ग्रंथातील नाव नव्हते. कोकणात बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. राष्ट्रांच्या एकत्र येण्याचे दर्शन नासिकजवळील शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत घडले. तेथे मराठी ख्रिस्ती लोकांबरोबर गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही शिकत. त्यांपैकी काही जण पुढे पूर्व आफ्रिकेतील मोंबासानजीकच्या फ्रिअर टाउनमध्ये गेले.

यरुशलेमच्या सभेतील प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजापुढे निराळ्या रूपाने उभा राहिला : ख्रिस्ताचा स्वीकार करताना पाश्चात्त्य रीतीही स्वीकारावी काय? नासिकमध्ये शिक्षण घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत आणि संतवाणीस भारतीयांचा जुना करार मानत. त्यांनी भजन व कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंचे माहेर नासिकजवळील जलालपूरचे.

टिळकांच्या भूमिकेतून एक प्रश्न उद्भवतो. प्रत्येक राष्ट्राचा जुना करार वेगळा असेल, तर इस्राएलच्या कराराचे प्रयोजन काय? दुसऱ्या शतकात मार्सिअनने जुना करार त्याज्य ठरविला, तेव्हा चर्चने त्याचे मत नाकारले होते. टिळकांनी मात्र इस्राएलचा ग्रंथ टाकला नाही. त्याच्या जोडीस संतवाणी ठेवली. पौलाच्या रूपकात सांगावयाचे, तर कलम केलेल्या डहाळीलाही स्वतःचा रस असतो, हे त्यांनी सुचविले; मूळ नाकारले नाही.