प्लसची तारच का कुजली?

"ताई, बझर वाजतच नाहीये!"

संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. शाळा कधीच सुटलीय, पण पुणे जिल्ह्यातल्या या शाळेच्या मागच्या खोलीत अजून आठ-दहा मुलं-मुली आहेत. टेबलावर ब्रेडबोर्ड, वायरींचा गुंता, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि खोलीभर सोल्डरिंगचा वास.

नववीतल्या एका मुलीने टाकीचा अलार्म बनवलाय. त्यांच्याकडे नळाला पहाटे पाणी येतं आणि टाकी भरली का, हे बघायला आई जागी राहते. म्हणून हा उद्योग. टाकीच्या वरच्या बाजूला दोन तारा सोडायच्या. पाणी तिथवर पोचलं की त्यातून अगदी थोडा करंट जातो, ट्रान्झिस्टर तो वाढवतो आणि बझर वाजतो. तीन आठवडे भारी चाललं. मग एका पहाटे बझर गप्प आणि अंगणात पाणीच पाणी.

ताई म्हणजे जवळच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मेंटॉर. आठवड्यातून दोनदा येते. तिने उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "दोन्ही तारा खराब झाल्यात का?"

नाही. फक्त प्लसची. हिरवी पडून पार कुजलेली.

मग शोध सुरू झाला. बझर बंद करायचा स्विच बझरच्याच वायरीवर होता, बॅटरीच्या नाही. म्हणजे आवाज थांबला तरी पाण्यातून करंट चालूच! विद्युत अपघटन पुस्तकात वाचलेलं होतंच, ते घरच्या टाकीत भेटलं. आता नवं डिझाइन ठरलंय. तरंगणारा चुंबक आणि रीड स्विच, तार पाण्याला लागणारच नाही. स्विचही बॅटरीजवळ. "आधी चुकलं नसतं तर हे कळलंच नसतं," ती म्हणाली.

हाताने करून शिकणं आपल्याकडे नवीन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये याच जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने. वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक असं सगळं करत शिकायचं. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. देशभरात अशा दहा हजारांच्या आसपास लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली.

सामान येतं, पण ते हाताळू देणारं माणूस लागतं. मी स्वतः जिथे शिकले, तिथे प्रयोगशाळेचं कपाट कायम कुलूपबंद असायचं. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरवर असते, मोडली तर जबाब सरांना द्यावा लागतो. मग कोण कशाला मुलांच्या हातात देईल? इथल्या सरांनी सरळ ठरवलं, ट्रान्झिस्टर जळणारच. दोन-तीन रुपयांची वस्तू, डबाभर आणून ठेवायची.

तरी अडचणी आहेतच. सहाच्या आधी घरी निघायचं, अशी मुलींना ताकीद. आणि पुढच्या वर्षी दहावी! अलार्मवाल्या मुलीचा संध्याकाळचा क्लास जूनपासून सुरू होतोय. "पप्पा म्हणतात, मार्क आधी. हे नंतर." तिला पप्पांचा राग नाही. फक्त नंतर म्हणजे कधी, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

ताईचंही जूनमध्ये कॉलेज संपेल. तिच्या जागी कोण येणार, याचं उत्तर सरांकडे अजून नाही. तोवर अलार्मवाली मुलगी दर शनिवारी आठवीतल्या दोघींना सोल्डरिंग शिकवतेय. टोक धरायचं नाही, आधी सांधा तापवायचा, मग शिसं लावायचं. एकीचा पहिला सांधा जमला तेव्हा तिघीही ओरडल्या.

इंजिनीअरिंग, डिप्लोमा किंवा आयटीआय करणाऱ्यांनो, तुमच्या गावातल्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. आठवड्यातले दोन तास काढा. सगळी उत्तरं येत नसली तरी चालेल. प्लसची तारच का कुजली, एवढं विचारायला जमलं तरी पुरे.