उंचीपलीकडचा करीम

मुलगा नववी-दहावीत गेला की घरात खेळ बंद करण्याची भाषा सुरू होते. कुणी अभ्यासाचे कारण पुढे करतो, तर कुणाला नमाज-रोजा सांभाळून मैदान कसे जमणार याची काळजी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. पण मुलाच्या बुटांवरून वाद होतो तेव्हा ती कुणाला आठवत नाही. म्हणून या वेळी आम्ही अशा एका लेखकाची ओळख करून देत आहोत, ज्याने खेळ आणि ईमान दोन्ही आयुष्यभर सांभाळले आणि त्यासाठी काय मोजावे लागले हेही लपवले नाही. त्याचे नाव करीम अब्दुल जब्बार.

जग त्यांना अमेरिकेचे बास्केटबॉलपटू म्हणून ओळखते. 7 फूट 2 इंच उंची, एनबीएमधील 20 हंगाम, सहा विजेतेपदे आणि एकूण 38,387 गुण. गुणांचा हा विक्रम 1984 पासून 2023 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पण त्यांच्या नावावर पुस्तकेही डझनावारी आहेत: आत्मचरित्र, कृष्णवर्णीयांचा इतिहास, कादंबऱ्या, मुलांसाठी लिहिलेली पुस्तके. ही आवड खेळ सोडल्यावर लागलेली नाही. 1964 साली, सतरा वर्षांचे असताना, ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात तरुणांच्या एका वार्तापत्रासाठी काम करत होते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारायला उभे राहिले होते.

त्यांचा जन्म 1947 चा, न्यूयॉर्कमधला. घर कॅथलिक. वडील रेल्वे-बस वाहतूक खात्यात पोलीस आणि संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले वादक. मुलाचे नाव वडिलांचेच, फर्डिनांड लुईस अल्सिंडर. अल्सिंडर हे आडनाव ज्या फ्रेंच जमीनदाराने त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून त्रिनिदादला आणले, त्याचे होते. हे कळल्यानंतर ते नाव करीम यांना टोचू लागले.

उंच माणसाला बास्केटबॉल सोपा, असे आपण सहज म्हणून जातो. करीम यांची पुस्तके वाचली की हा समज टिकत नाही. त्यांचा प्रसिद्ध फटका म्हणजे ‘स्कायहूक’. प्रतिस्पर्ध्याकडे खांदा करून उभे राहायचे, म्हणजे तो आणि चेंडू यांच्या मधे आपले अंग येते. मग एक हात पूर्ण वर ताणून, मनगटाच्या हलक्या झटक्याने चेंडू कमानीसारखा सोडायचा. याची सुरुवात प्राथमिक शाळेतल्या एका कंटाळवाण्या सरावाने झाली. जाळीखाली उभे राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकायचा, पडलेला झेलायचा, पुन्हा टाकायचा. रोज तेच. कॉलेजच्या संघातून पहिला हंगाम गाजवला, तोच 1967 मध्ये चेंडू वरून जाळीत दाबण्यावर, म्हणजे ‘डंक’वर, कॉलेज स्पर्धांत बंदी आली. ती आपल्याला रोखण्यासाठीच आहे असे त्यांना वाटले, आणि असे वाटणारे ते एकटे नव्हते. पण त्यामुळे स्कायहूकवर अधिकच भर द्यावा लागला आणि पुढे त्याच फटक्याने त्यांना चाळिशीपर्यंत तारले.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात त्यांचे प्रशिक्षक होते जॉन वुडन. हे गृहस्थ नव्या खेळाडूंना पहिला धडा देत तो मोजे घालण्याचा. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव चुकतो. देशभरातून निवडून आलेली मुले ऐकून चकित होत. ज्यांच्या घरी लहान मुलाला वजू करायला शिकवताना बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवायला सांगितले जाते, त्यांना वुडन यांची ही तऱ्हा मुळीच विचित्र वाटणार नाही. वुडन स्वतः धार्मिक ख्रिस्ती. आपला सर्वांत मोठा खेळाडू मुसलमान झाला म्हणून त्यांनी त्याला दूर लोटले नाही. 2017 मध्ये करीम यांनी या पन्नास वर्षांच्या मैत्रीवर पुस्तक लिहिले. त्यांच्या साऱ्या लेखनात आम्हाला ते सर्वांत जवळचे वाटते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्यांच्या हाती माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र आले आणि ते हलून गेले. मग कुरआनचा अभ्यास सुरू झाला. 1968 च्या उन्हाळ्यात त्यांनी इस्लाम स्वीकारला. कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या निषेधार्थ त्याच वर्षीच्या मेक्सिको ऑलिंपिकला जायचे त्यांनी नाकारले आणि तो उन्हाळा न्यूयॉर्कच्या मुलांना खेळ शिकवण्यात घालवला. 1971 मध्ये मिलवॉकी बक्स संघाने विजेतेपद मिळवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवे नाव जाहीर केले. टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांतल्या अनेकांना ते रुचले नाही.

इथवरची कहाणी आपल्याला सुखावणारी आहे, आणि अशा कहाण्या सहसा इथेच थांबवल्या जातात. करीम थांबत नाहीत. त्यांचे धर्मशिक्षक होते हमास अब्दुल खालिस. तरुण करीम यांनी त्यांच्यावर पूर्ण भरवसा टाकला. नाव त्यांनी सुचवलेले, लग्नही त्यांच्याच सल्ल्याने, तेही आईवडिलांच्या मर्जीविरुद्ध. लग्नाच्या दिवशी आईवडील मुसलमान नाहीत म्हणून त्यांना आत घेतले गेले नाही. एकुलत्या एका मुलाचा निकाह, आणि जन्मदाते बाहेर! करीम यांनी स्वतः लिहिले आहे की ही चूक दुरुस्त करायला त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

आईवडील मुसलमान नसले तरी त्यांच्याशी भलेपणाने वागा, हा कुरआनचा आदेश (सूरह लुकमान) आहे. तो तरुण मुलगा त्या दिवशी दुसऱ्याच्या शब्दावर चालला होता. पुढे हमास यांच्या शिकवणीतल्या काही गोष्टी पटेनाशा झाल्या, तेव्हा 1973 मध्ये ते लिबिया आणि सौदी अरेबियाला गेले. कशासाठी? स्वतः कुरआन समजून घेता येईल इतकी अरबी शिकण्यासाठी. लाखो डॉलर मिळवणारा, जगभर नाव झालेला खेळाडू सुट्टीत व्याकरण घेऊन बसला. जाळीखाली दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा शाळकरी पोरगा आणि हा विद्यार्थी यांच्यात आम्हाला काही फरक दिसत नाही. त्याच वर्षी, करीम यांनी हमास यांच्या जमातीसाठी वॉशिंग्टनमध्ये घेतलेल्या घरात मारेकरी शिरले आणि सात जणांचा जीव गेला, त्यांत लहान लेकरेही होती. धर्माच्या नावाने चालणारी भांडणे कुठवर जातात, हे त्यांना फार जवळून पाहावे लागले.

शरीराकडेही त्यांनी अमानत म्हणूनच पाहिले असावे, असे त्यांची कारकीर्द पाहून वाटते. कॉलेजच्या दिवसांत ते ब्रूस ली यांच्याकडे शिकले. पुढे लवचीकपणासाठी योगासने नेमाने केली. बरोबरीचे खेळाडू तिशी-पस्तिशीत निवृत्त झाले, हे 42 व्या वर्षापर्यंत खेळत राहिले.

1985 चा अंतिम सामना त्यांच्या चाहत्यांना पाठ आहे. करीम तेव्हा लॉस एंजेलिस लेकर्सकडून खेळत. बॉस्टनमधल्या पहिल्या लढतीत संघ 148-114 असा धुऊन निघाला. करीम यांचे गुण फक्त 12. वय 38. वर्तमानपत्रांनी त्यांना म्हातारे ठरवले. त्यांनी संघाची माफी मागितली, सरावात तरुण पोरांबरोबर धावले आणि दुसऱ्या लढतीच्या दिवशी प्रशिक्षकांकडे एक विनंती केली. संघाच्या बसमध्ये बाहेरच्या कुणाला बसू देत नसत, पण वडिलांना सोबत येऊ द्यावे, असे ते म्हणाले. परवानगी मिळाली. थोरला अल्सिंडर मुलाबरोबर मैदानापर्यंत आला. त्या रात्री मुलाने 30 गुण केले आणि 17 वेळा उसळता चेंडू हस्तगत केला. मालिका लेकर्सने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान करीम यांना मिळाला.

निवृत्तीनंतरच्या पुस्तकांपैकी एकाचा उल्लेख करायलाच हवा. 1998-99 मध्ये ते ॲरिझोनात अपाची आदिवासींच्या शाळेत साहाय्यक प्रशिक्षक झाले, पगार एक डॉलर. चारचौघांत रागावले की ही मुले खुलण्याऐवजी मिटून जातात, हे त्यांना तिथे उमगले आणि आपली शिकवण्याची पद्धत बदलावी लागली.

घरात बारा-चौदा वर्षांचे मूल असेल, तर तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या ‘बिकमिंग करीम’ने सुरुवात करावी. इंग्रजी सोपे आहे. अब्बांनी त्याच्याबरोबर बसून वाचावे, आणि निकाहाचे पान आले की घाईने उलटू नये.