स्वे बार डिस्कनेक्ट म्हणजे काय? बार सोडणं सोपं, तो वेळेवर परत जोडणं महत्त्वाचं

ऑफरोडिंगच्या रील्स बघत असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. जीप रँग्लर एका मोठ्या दगडावर चढते. पुढचं एक चाक पार मडगार्डपर्यंत वर जातं, दुसरं खाली खड्ड्यात उतरतं आणि तरी चारही चाकं जमिनीला टेकलेली. खाली कुणीतरी लिहितं, "स्वे बार काढलाय भावा." मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "माझ्या गाडीचा पण काढू का?"

इंजिनिअरिंग मेकॅनिकलमध्ये केलं आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतोय, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी आवडतो. यात लोखंडही आहे आणि कोडही. आज दोन्ही समजून घेऊ.

स्वे बार असतो कुठे आणि करतो काय?

स्वे बार, अँटी-रोल बार, स्टॅबिलायझर बार ही एकाच गोष्टीची नावं. गाडीखाली डावीकडून उजवीकडे जाणारा, इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकवलेला स्टीलचा दांडा. मधला भाग रबरी बुशमधून चॅसीला बसवलेला असतो आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात.

तो काम कसं करतो हे बघायला शाळेतली प्लास्टिकची पट्टी घ्या. दोन्ही टोकं धरून एकाच दिशेने फिरवा. पट्टी आरामात फिरते. आता एक टोक पुढे आणि दुसरं मागे फिरवायचा प्रयत्न करा. पट्टीला पीळ बसतो आणि ती विरोध करते. स्वे बार म्हणजे तीच पट्टी, फक्त स्टीलची.

स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात. बार बुशमध्ये नुसता फिरतो, काही करत नाही. वळणावर मात्र गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरची स्प्रिंग दबते, आतली सैल होते, बारला पीळ बसतो आणि तो गाडीला फार कलू देत नाही. हायवेवर अचानक कुत्रं आडवं आलं आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर गाडी ताब्यात ठेवण्यात या बारचा मोठा वाटा असतो.

बारचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सगळं तेच ठेवून २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा भरीव बार लावला, तर जाडी १० टक्केच वाढते, पण ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. साधा दिसणारा हा दांडा किती मोजून-मापून बसवलेला असतो, ते यावरून कळेल.

मग ऑफरोडला तो नकोसा का होतो?

कारण खडकाळ जागेत एक चाक वर आणि दुसरं खाली जाणं हीच रोजची गोष्ट असते. नेमकं त्याच वेळी बार विरोध करतो. डावं चाक दगडावर चढलं की तो उजव्या चाकालाही वर ओढतो. उजव्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते कधीकधी हवेतच लटकतं.

हवेतल्या चाकाला पकड नसते. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. त्यामुळे हवेतलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नाममात्र टॉर्क मिळतो. गाडी जागेवरच. लॉकर असेल तर यातून सुटका होते, पण तीन चाकांवर डुगडुगणारी गाडी ड्रायव्हरचा घाम काढतेच.

बार सोडला की दोन्ही चाकं आपापल्या मर्जीने वर-खाली होतात. याला आर्टिक्युलेशन म्हणतात आणि ते मोजायची एक मजेदार पद्धत आहे. गाडीचं पुढचं एक चाक साधारण २० अंशांच्या रॅम्पवर चढवत न्यायचं. दुसरं कुठलंही चाक जमीन सोडायच्या आधी ते रॅम्पवर जितकं अंतर गेलं, त्याला व्हीलबेसने भागायचं आणि १००० ने गुणायचं. व्हीलबेस ३ मीटर असेल आणि चाक रॅम्पवर दीड मीटर गेलं, तर स्कोअर ५००. याला रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स म्हणतात. पुढचा बार सोडल्यावर हा आकडा वाढतो.

बटणामागे काय चालतं?

पूर्वी गाडीखाली शिरून पाना लावून लिंक सोडाव्या लागायच्या. कंपनीतूनच बटण देण्याची सुरुवातीची उदाहरणं म्हणजे २००५ ची डॉज रॅम पॉवर वॅगन आणि २००७ ची जीप रँग्लर रुबिकॉन. रुबिकॉन भारतातही विकली जाते, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ.

तिचा पुढचा बार दोन तुकड्यांचा आहे. मध्ये दातेरी कपलिंग आणि ते हलवणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर. दात एकमेकांत अडकलेले असताना दोन तुकडे एका बारसारखे वागतात. दात सुटले की दोन्ही बाजू स्वतंत्र.

आता सॉफ्टवेअरचा भाग. बटण दाबलं की बार सुटतोच असं नाही. गाडी फोर-हाय किंवा फोर-लोमध्ये हवी आणि वेग कमी हवा. सध्याच्या रुबिकॉनमध्ये वेग ताशी २९ किलोमीटरच्या वर गेला की बार आपोआप परत जोडला जातो. वेग पुन्हा २२ च्या खाली आला की परत सुटतो.

२९ आणि २२ असे दोन आकडे का? समजा एकच आकडा २५ असता. खडबडीत रस्त्यावर वेग २४, २६, २४, २६ असा होत राहिला असता आणि मोटर दर सेकंदाला दात अडकवत-सोडवत बसली असती. दोन आकड्यांमध्ये अंतर ठेवलं की ही टकटक थांबते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. घरातला फ्रिज सतत चालू-बंद होत नाही, त्यामागेही हीच युक्ती आहे.

पण लोखंडापुढे कोडचंही चालत नाही. दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर बारला पीळ असतो आणि दात जुळत नाहीत. तेव्हा डॅशबोर्डवरचा स्वे बारचा दिवा लुकलुकतो. गाडी सपाट जागेवर आणली किंवा डावी-उजवीकडे थोडी हलवली की दात जागेवर बसतात. दिवा विझेपर्यंत हायवेला लागायचं नाही.

इतर कंपन्यांनी वेगळे मार्ग शोधले. फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोमध्ये हायड्रॉलिक पद्धत दिली, त्यामुळे चाकं वर-खाली अडकलेली असतानाही बार सोडता येतो. टोयोटाच्या लँड क्रूझर २०० मधल्या केडीएसएस या प्रणालीत बटणच नाही. पुढच्या आणि मागच्या बारचे हायड्रॉलिक सिलिंडर एकमेकांना जोडलेले असतात. वळणावर तेल अडतं आणि बार काम करतात. खडकांवर पुढची आणि मागची चाकं उलट दिशेने वाकतात, तेव्हा तेल इकडून तिकडे वाहतं आणि बार सैल पडतात.

स्वस्तातला किट घ्यावा का?

माझ्या एका मित्राने मध्यंतरी पिन काढून लिंक सोडायच्या किटची लिंक पाठवली. पुण्याजवळच्या ट्रॅकवर जायचा प्लॅन होता. त्याचं म्हणणं, "काम तेच आहे ना? मग बटणाचे एवढे पैसे कशाला?"

मी त्याला एकच विचारलं, "ट्रॅक संपल्यावर अंधार आहे, पाऊस आहे, सगळे दमलेत. तेव्हा चिखलात बसून पिन परत कोण लावणार?"

फरक इथेच आहे. सुटण्याचं काम दोन्हीकडे सारखंच होतं. पण रुबिकॉनमध्ये तुम्ही विसरलात तरी ताशी २९ किलोमीटरच्या वर गाडी स्वतःच बार जोडायला जाते, आणि जमलं नाही तर दिवा लावून सांगते. पिनवाल्या किटमध्ये ही आठवण फक्त तुमच्या डोक्यात असते. पुढचा बार सुटलेली उंच गाडी ८० च्या वेगाने वळणावर नेली, तर ती जास्त कलते आणि स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद देते. शिवाय पुढचा ताठपणा गेल्यामुळे मागची बाजू घसरण्याची शक्यता वाढते. सरळ रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही, म्हणूनच धोका मोठा.

तरीही किट वापरणार असाल, तर एवढं पाळा:

- सोडणं आणि जोडणं दोन्ही सपाट जागेवर, इंजिन बंद आणि हँडब्रेक लावून.
- दोन्ही बाजूंच्या लिंक सोडा आणि बारची टोकं वर घट्ट बांधा. लोंबता बार टायरला किंवा ब्रेकच्या होजला लागू शकतो.
- चाक आता जास्त खाली जाणार. ब्रेक होज ताणला जात नाही ना आणि कॉइल स्प्रिंग जागेवरून निसटत नाही ना, ते आधी तपासा.
- वाळूत वेगाने चालवताना किंवा एका बाजूला उतार असलेल्या वाटेवर बार जोडलेलाच ठेवा. तिथे गाडी कलणं हाच धोका असतो.
- वॉरंटी आणि इन्शुरन्सवर काय परिणाम होईल, ते किट घ्यायच्या आधी लेखी विचारून घ्या.

मित्राने शेवटी किट घेतला नाही. बार जोडलेलाच ठेवून टायरमधली हवा थोडी कमी केली, सोबत एअर पंप नेला आणि ट्रॅक पूर्ण केला. आपल्यापैकी बहुतेकांच्या ट्रॅकला तेवढं पुरतं. त्याहून अवघड जागी जाणार असाल आणि बार सोडणार असाल, तर किल्लीला एक लाल रिबन बांधा. पिना परत लागल्याशिवाय ती रिबन सोडायची नाही, आणि रिबन असेपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावर न्यायची नाही.